घटापुढची वाटी

कृष्णकांत टिपणीस यांनी आयुष्यात एकच चैन केली आणि ती लाल रंगाची निघाली. त्याआधीच्या चोपन्न वर्षांत त्यांच्या हातून चैन घडल्याचा पुरावा नाही. एकदा लोणावळ्याला चिक्कीचा दुसरा पुडा घेतला होता म्हणतात, पण तो शेजाऱ्यांसाठी होता. नवीन पनवेलात 'सौजन्य' सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर घर, न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसात कागदपत्रं बघणारे उपव्यवस्थापक, सकाळी सात चाळीसची कंपनीची बस आणि बसमधली डावीकडची तिसरी खिडकी, एवढाच त्यांचा पसारा. आणि हा माणूस एका रविवारी खारघरला जातो काय आणि अकरा वर्षं जुनी, लालभडक जर्मन गाडी घेऊन येतो काय! सोसायटीतल्या लोकांना आधी वाटलं, टिपणीसांकडे कुणी बडे पाहुणे आलेत.

खरं कारण जरा नाजूक आहे. कृष्णकांतांचं कुणी ऐकत नसे. ऑफिसात ते बोलायला लागले की साहेबांचा फोन वाजायचा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी मांडलेला मुद्दा इतिवृत्तात 'इतर चर्चा' या मथळ्याखाली पुरला जायचा. घरी "अगं ऐकलंस का" म्हणाले की रमाताई मिक्सर लावायच्या. मुद्दाम नव्हे हो, दोघांच्या वेळाच तशा जुळल्या होत्या. तर त्या रविवारी गाडीचा मालक जीवन, हा तिशीतला दाढीवाला गृहस्थ, "काका, चालवून तर बघा" म्हणाला, कृष्णकांतांनी घाबरत घाबरत ॲक्सिलरेटरवर पाय टेकवला, आणि गाडी विनातक्रार सुसाट पुढे गेली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं पहिल्या फटक्यात ऐकलं होतं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. जीवनला वाटलं एसी लागतोय, म्हणून त्याने तो कमी केला.

"ट्यून केलेली आहे बरं का काका," जीवनने सांगितलं. "लॅपटॉप लावून ताकद वाढवून घेतलीय. फक्त आत एक फॉलोअर असतो, तो अधूनमधून काढून बघायचा." डॉक्टरांसमोर डोलावतात तशी कृष्णकांतांनी मान डोलावली आणि घरी पोचेपर्यंत विसरून गेले.

आठ महिने मजेत गेले. मग गणपती उठले आणि गाडीतून टक टक असा आवाज यायला लागला. पाठोपाठ समोर पिवळा दिवा लागला, आणि गाडीने ऐकणं बंद केलं. पाय दाबावा तर ती नुसती हुंकार द्यायची, ऑफिसातल्या शिपायासारखी.

इथे रमाताईंचा धाकटा भाऊ इंद्रजीत, म्हणजे त्यांचा इंदू, याला आणणं भाग आहे. हा पुण्याला कोथरूडला राहतो, दर तीन वर्षांनी नवी गाडी घेतो आणि दर रविवारी बहिणीला फोन करतो. फोनवर तो म्हणाला, "ताई, भाऊजींना सांग, ते लाल भंगार घाट चढायचं नाही. माझ्याकडे एक गिऱ्हाईक आहे. डोळे मिटून घेईल."

आणि दसऱ्याला तर घाट चढायचाच होता. रमाताईंच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. बरोबर बारा वाजता एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं आणि पहिलं ताट थोरल्या लेकीचं, म्हणजे रमाताईंचं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून निकाल सांगितला. "अहो, आपल्या गाडीतून जाऊन दसऱ्याला बारा वाजता मी आईसमोर ताट घेऊन उभी असले, तर गाडी राहील. नसले, तर इंदूचं गिऱ्हाईक. उगाच वर्षभर तुमचा तो टकटक चेहरा मी बघणार नाही."

"मंजूर," कृष्णकांत म्हणाले, आणि कागदपत्रांचा माणूस असल्यामुळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दसऱ्याच्या चौकोनात '१२.००' असं लिहून खाली सही केली.

सोसायटीचे अध्यक्ष महादेवराव कर्णिक तळोज्याच्या केमिकल कारखान्यातून निवृत्त झालेले. पंपांची सवय असल्यामुळे जगातल्या सगळ्या पंपांबद्दल त्यांना मत होतं. त्यांनी गाडीच्या बोनेटला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "टिपणीस, गॅस धरलाय. रोज सकाळी अर्धा तास नुसती चालू ठेवा." कृष्णकांतांनी ठेवली. तळमजल्यावरच्या लोकांनी धुराची तक्रार केली, आणि त्या तक्रारीची नोटीस अध्यक्ष म्हणून महादेवरावांनीच कृष्णकांतांना बजावली. वर स्वतः आणून दिली आणि चहा पिऊन गेले. जाताना सल्ला, "चाळीसच्या वर नेऊ नका. चाळीसला कुठलंच इंजिन मरत नाही."

शेवटी गाडी पळस्पे फाट्यावर काशीराम भोईर यांच्या गॅरेजात गेली. हायवेलगतची पत्र्याची शेड, बाजूने दिवसभर कंटेनर धडधडत जातायत, आणि मध्ये साठीचे काशीराम, एकटे, शांत. त्यांनी पंपाचे तीन बोल्ट सोडले, बोट आत घातलं आणि अंगठ्याएवढी पोलादी वाटी बाहेर काढली. तिच्या बुडाला आरपार भोक होतं.

"ही बगा सायेब तुमची वाटी. हिलाच तो फॉलोअर बोलतात. एका बाजूला कॅमशाफ्ट फिरतो, तो हिला दणके देतो. दुसऱ्या बाजूला पेट्रोलचा पंप, तो दाबून धरतो. मधी ही. तुमच्या त्या दाढीवाल्याने ताकद वाढवली म्हंजे पंपाचा दाब वाढवला. वरचा खूश, खालचा खूश, झिजली कोन? ही."

कृष्णकांतांनी वाटी तळहातावर घेतली आणि त्यांना एकदम भरून आलं. वर साहेब, खाली पार्ट्या आणि मध्ये उपव्यवस्थापक. सव्वीस वर्षं ते या वाटीचंच काम करत होते आणि हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"कॅमशाफ्ट गेला का हो?"

"वाचला. नुसता ओरखडा हाय. पन ही भोकाची वाटी घालून मी गाडी देनार नाय. शंभर किलोमीटरात कॅमशाफ्ट खाऊन टाकील, मंग रडत येशाल. नवी वाटी आना, अर्ध्या तासाचा काम हाय."

अर्ध्या तासाचं काम! पुढचे तीन आठवडे त्या अर्ध्या तासात गेले.

कृष्णकांत आधी रीतसर शोरूममध्ये गेले. तिथल्या काचेच्या केबिनमधल्या मुलीने गोड हसून फॉर्म दिला. फॉर्म म्हटला की कृष्णकांतांचे हात शिवशिवतात. सातव्या रकान्यात 'इंजिनात काही बदल केले आहेत काय' असा प्रश्न होता. दुसऱ्या कुणीही 'नाही' लिहिलं असतं. कृष्णकांतांनी 'होय, सोबत पुरवणी जोडली आहे' असं लिहून दीड पान पुरवणी जोडली, त्यात लॅपटॉपचाही उल्लेख केला. मुलीने ती वाचली, आत गेली, बाहेर आली आणि तेवढंच गोड हसून म्हणाली, "सर, मग आम्ही तुम्हाला वाटी नाही देऊ शकत." कृष्णकांतांनी पुरवणीची पोच मागितली. तीही नाही मिळाली. त्याचंच त्यांना जास्त लागलं.

मग जुन्या पनवेलातले स्पेअर पार्टवाले हितेशभाई. "साहेब, टेन्शन नाय घ्यायचा. माल येणार, घरपोच येणार. कधी ते नाय विचारायचा." हे मात्र खरं निघालं. दरम्यान घट बसले. कृष्णकांत रोज बसच्या खिडकीतून पळस्पे फाट्यावर आपली गाडी बघायचे. बोनेट उघडं, जबडा वासून बसल्यासारखी. ते तिला हळूच हात करायचे. शेजारी बसणाऱ्याने जागा बदलली.

चौथ्या माळेला कुरिअर येणार असल्याचा मेसेज आला तेव्हा कृष्णकांत ऑफिसात होते. त्यांनी रमाताईंना फोन केला आणि नको ते बोलले. "हे बघ, फार महत्त्वाची वस्तू आहे. सगळं हिच्यावर अवलंबून आहे. घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेव."

आता मला सांगा, नवरात्रात टिपणीसांच्या घरातली सगळ्यात सुरक्षित जागा कुठली? कृष्णकांत संध्याकाळी घरी आले, तर देव्हाऱ्यात घट बसलेला, त्यात धान्य बोटभर उगवलेलं, वर चार माळा, बाजूला अखंड दिवा, आणि समोर पाटावर ती नवीकोरी काळी चकचकीत वाटी! नवी वस्तू म्हणून हळदीकुंकू वाहिलेलं, आत अक्षता, वर एक झेंडूचं फूल.

"अगं! काढ ती! काशीराम थांबलेत."

"काढ काय काढ? घटापुढे मांडलेलं घट उठेपर्यंत हलत नाही."

"असं कुणी सांगितलं?"

"तुमच्या आईंनी. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात. तेव्हा मी चुकून पळी उचलली होती तर दोन दिवस बोलल्या नव्हत्या माझ्याशी. आठवतंय?"

कृष्णकांतांना आठवत होतं. भिंतीवरच्या फोटोतून मातोश्री बघतच होत्या.

त्यांनी चार दिवस निरनिराळ्या मार्गांनी अर्ज केले. रविवारी दुपारी, रमाताई स्वयंपाकघरात असताना, त्यांनी शेवटी चोरी करायचं ठरवलं. खोकल्याच्या औषधाची स्टीलची छोटी वाटी खिशात घेतली, बेत असा की ही ठेवायची आणि ती उचलायची. वाकले, हात पुढे केला, आणि त्यांच्या श्वासाने अखंड दिवा फडफडला.

"अहो, दिव्याजवळ काय करताय?" आतून आवाज आला.

"साष्टांग घालतोय!"

आणि रमाताई पदराला हात पुसत येतायत हे ऐकून त्यांना खरोखरच साष्टांग घालावा लागला. घातला तर गेला, पण उठता येईना. कमरेत उसण भरली. महादेवरावांना बोलावून दोघांनी मिळून त्यांना कोचावर आणलं. "टिपणीस, या वयात भक्ती बेतानं करावी," महादेवराव म्हणाले. रमाताईंनी खाली पडलेली औषधाची वाटी उचलली, नवऱ्याकडे पाहिलं आणि ती औषधाच्या बाटलीवर परत बसवली.

नवमीला सकाळी मात्र कृष्णकांतांनी साबुदाण्याची खिचडी दुसऱ्यांदा घेतली नाही. एकतीस वर्षांत हे घडलं नव्हतं. रमाताईंनी चमचा खाली ठेवला.

"एवढा जीव आहे त्या गाडीवर?"

"ती ऐकते गं माझं," कृष्णकांत म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना फार लाज वाटली. मिक्सर लागला नाही.

रमाताई देव्हाऱ्यासमोर गेल्या. फोटोकडे बघून हात जोडले. "सासूबाई, बऱ्याच घरी नवमीला घट उठतात. तुमच्या लेकासाठी करतेय. राग नको." आरती केली, घट हलवला आणि वाटी फुलासकट नवऱ्याच्या हातात ठेवली.

कृष्णकांत कंबर धरून रिक्षाने पळस्प्याला धावले. शेड झाडून लख्ख. काशीराम पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. आणि जमिनीवर नव्या सतरंजीवर दहा नंबरपासून बत्तीस नंबरपर्यंत सगळे पाने, पकडी, जॅक ओळीने मांडलेले, प्रत्येकावर कुंकवाचं बोट, वर झेंडू, मधोमध नारळ.

"आज खंडेनवमी हाय सायेब," काशीराम प्रेमाने म्हणाले. "आज पान्याला हात नाय लावायचा."

"तीन बोल्ट हो काशीराम! फक्त तीन!"

"तीन काय नि एक काय. वरीसभर तो आमच्यासाठी राबतो. आज तो देव हाय. देवाला कोन कामाला लावतो काय?"

कृष्णकांतांनी लेखी हमी देऊ केली. काशीरामांनी प्रसाद दिला. मग कृष्णकांतांनी महादेवरावांना फोन लावला, त्यांच्याकडे पान्यांची पेटी होती. "आहे ना! आत्ताच पूजा केली," महादेवराव अभिमानाने म्हणाले. "सोसायटीची ड्रिल, प्लंबरचा पाना, वॉचमनची बॅटरी, सगळं एकत्र मांडलंय. दर्शनाला या." अख्ख्या पनवेलात त्या दिवशी बोल्ट सोडवणारी एकही वस्तू मोकळी नव्हती. घरी फोन केला तर रमाताई म्हणाल्या, "बरोबरच आहे त्यांचं."

दसऱ्याला सकाळी साडेसहाला दोघंही पळस्प्याला हजर. रमाताई पैठणीत, मांडीवर ओवाळायचं ताट आणि निरांजनांची पिशवी. काशीरामांनी सावकाश पूजा उतरवली, सगळ्या पान्यांची क्षमा मागितली, खोबरं वाटलं आणि मग हात पुढे केला. "आना वाटी." आत बघितलं आणि भुवया उंचावल्या. "सायेब, ही वाटी हाय का करंडा?"

बुडाला कुंकू घट्ट बसलं होतं आणि कडेला एक अक्षत चिकटली होती.

"कुंकू म्हंजे बारीक रेती. आत गेला तर म्हैनाभरात पुन्ना भोक. धुवा." कृष्णकांत उकिडवे बसून पेट्रोलने वाटी धूत राहिले. दसऱ्याचा कोरा रुमाल गुलाबी झाला. काशीरामांनी ती तीनदा उन्हात धरून बघितली आणि तीनदा "अजून हाय" म्हटलं. सगळं बसवून किल्ली फिरवली तेव्हा नऊ वाजून गेले होते. पण टकटक गेली होती. इंजिन असं गुरगुरलं की कृष्णकांतांनी काशीरामांना मिठीच मारली, पांढऱ्या सदऱ्यासकट. काशीरामांनी आरशाला झेंडूची माळ बांधली, हातात आपट्याची पानं ठेवली आणि म्हणाले, "आता घाबरू नका तिला. जावा."

पण कृष्णकांत घाबरले. महादेवरावांचा 'चाळीस' डोक्यात बसला होता. एसी बंद, खिडक्या उघड्या, कान टकटकीकडे. मागून हॉर्न, बाजूने शिव्या. सुट्टीची गर्दी, टोलनाक्यावर रांग, तिथेच साडेदहा झाले. घाट लागल्यावर एक कंटेनर आरामात त्यांना मागे टाकून गेला. त्याचे कागद कृष्णकांतांनी स्वतः गेल्याच आठवड्यात तपासले होते. मग एक एसटी गेली. मग तर एक टेम्पो गेला, त्यात उभ्याने ढोल-ताशावाले होते, त्यांनी यांच्यासाठी चार ठोके वाजवले.

"अहो," रमाताई म्हणाल्या.

"हं?"

"ही ऐकते म्हणालात ना तुमचं? मग सांगा ना तिला काहीतरी! टेम्पो गेला हो पुढे!"

कृष्णकांतांनी बायकोकडे पाहिलं, दात आवळले आणि पाय दाबला. आणि गाडी, देवाशपथ, उठली! टेम्पो मागे, एसटी मागे, कंटेनर मागे. निरांजनं खणखणली. कृष्णकांतांना वाटलं आता रमाताई ओरडणार. रमाताई हसत होत्या. ताट पोटाशी धरून, केस विस्कटलेले, अगदी लग्नाआधीच्या फोटोतल्यासारख्या हसत होत्या.

"परत!" त्या म्हणाल्या. "ती पांढरी घ्या, ती पांढरी!"

घाट चढला, पण घड्याळ काही ऐकत नव्हतं. कोथरूडला गेटपाशी गाडी थांबली तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. रमाताई ताट घेऊन आत पळाल्या. आई ताटकळल्या होत्या, पण लेकीशिवाय कुणाला ओवाळू दिलं नव्हतं.

गेटवर इंद्रजीत नवा कुडता घालून उभा होता. एका हातात झेंडूचा भला मोठा हार, दुसऱ्या हातात लिंबू-मिरची.

"भाऊजी, बारा वीस," तो म्हणाला. "ताईने सांगितलंय मला सगळं."

"हो," कृष्णकांत म्हणाले. "कुठे आहे गिऱ्हाईक?"

इंद्रजीत नुसता खाकरला. कान लाल झाले. त्याच्या मागून त्याची बायको कादंबरी म्हणाली, "हेच की गिऱ्हाईक! महिनाभर तुमच्या गाडीचे फोटो बघतायत मोबाईलवर. जेवताना सुद्धा."

कृष्णकांतांना राग यायला हवा होता, पण आधी कॅलेंडर आठवलं. शब्द दिला होता, कॅलेंडरवर सही होती. इंद्रजीतने विक्रीचे फॉर्म भरूनच ठेवले होते. कृष्णकांतांनी ते हातात घेतले, वाचले आणि सवयीने पेन काढून चॅसिस नंबरातला चुकलेला आकडा दुरुस्त केला. हा माणूस स्वतःच्या फाशीच्या हुकमावरचीही खाडाखोड तपासून देईल. मग त्यांनी सहीच्या जागेवर पेन टेकवलं.

"सही करू नका."

रमाताई आईला ओवाळून तेच ताट घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी गाडीच्या बोनेटला कुंकू लावलं, दोन अक्षता टाकल्या आणि मग भावाकडे वळल्या.

"इंदू, ही गाडी विकता येणार नाही. तिच्या पोटात घटापुढे बसलेली वस्तू आहे. घटापुढची वस्तू घराबाहेर देत नाहीत."

"असं कुठे असतं ताई?"

"आमच्याकडे असतं. सासूबाईंनी सांगितलंय."

कृष्णकांतांनी तोंड उघडलं. त्यांच्या आईने असं काहीही, कधीही, कुणालाही सांगितलेलं नव्हतं. चुकीची नोंद समोरून निघाली आहे आणि टिपणीसांनी ती दुरुस्त केलेली नाही, असं सव्वीस वर्षांत झालं नव्हतं. रमाताईंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. कृष्णकांतांनी तोंड मिटलं आणि पेनाला टोपण लावलं.

हार मात्र इंद्रजीतने घातलाच गाडीला, बिचारा. परत येताना घाट उतरायला रमाताई चालवायला बसल्या, कारण कृष्णकांतांची उसण पुन्हा भरली होती असं ते म्हणाले.

नवं कॅलेंडर आलं तेव्हा त्यात सिलिंडर, दूधवाला आणि लाइट बिल यांच्या जोडीला भाद्रपदातल्या एका चौकोनात रमाताईंच्या अक्षरात एक ओळ होती: 'वाटी काढून बघणे. घट बसायच्या आत.'